शेकोटी सर्वांत शेवटी

‘द लाँग डार्क’ हा गेम नव्याने हातात घेणारे बहुतेक जण लांडग्याला घाबरून असतात. लांडगा दिसतो, गुरगुरतो, अंगावर येतो. त्याची धास्ती वाटणं साहजिक आहे. पण पहिल्या काही डावांत माणूस मरतो तो बहुधा थंडीने, आणि तेही विशेष काही न घडता. दोन घरांमधलं अंतर अंदाजापेक्षा जास्त निघालं, वाटेत मेलेलं हरीण दिसलं म्हणून थांबलो, संध्याकाळी वारा उठला, एवढं पुरतं. सर्व्हायव्हल मोडच्या मूळ नियमानुसार मेलात की तो सेव्ह कायमचा पुसला जातो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या हिंटरलँड स्टुडिओने हा गेम केला. सप्टेंबर २०१४मध्ये तो अर्ध्या अवस्थेत विक्रीला आला आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण झाला. उत्तर कॅनडातलं ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट, भूचुंबकीय उत्पाताने बंद पडलेली वीज आणि न संपणारा हिवाळा, एवढाच त्याचा मांडव. आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांखाली घसरला की पेपरात बातमी येते; ग्रेट बेअरवर उणे पाच म्हणजे बाहेर पडायला झकास दिवस. त्यामुळे या बाबतीत अनुभवाची शिदोरी आपल्याकडे नसते, आणि मग आपण थंडी वाजली की शेकोटी पेटवतो. काड्या संपतात, सरपण संपतं, आणि दोन तासांनी आपण त्याच उघड्या माळावर पुन्हा कुडकुडत असतो.

माझं म्हणणं असं की ऊब राखायच्या उपायांत शेकोटीचा नंबर शेवटचा. आधी वारा चुकवायचा, मग वेळ पाहायची, मग कपड्यांकडे लक्ष द्यायचं. या तिन्हींतून जी तूट उरेल तेवढीच आगीने भरून काढायची.

आकडा वाचायला शिका

गेममध्ये प्रकृतीचा एक पडदा आहे. त्यावर ‘फील्स लाइक’ असा एक आकडा दिसतो, म्हणजे अंगाला प्रत्यक्षात जाणवणारं तापमान. सगळा खेळ या एका आकड्यावर चालतो. तो शून्याच्या वर असेल तर तुमच्या उबेचं वर्तुळ भरत जातं, शून्याच्या खाली असेल तर रिकामं होत जातं. किती वेगाने, ते शेजारचे बाण सांगतात. एक बाण असेल तर सवड आहे, तीन असतील तर पळा.

हा आकडा येतो कुठून? समजा, हवा उणे १४ आहे. वाऱ्यामुळे आणखी ९ अंशांचा गारठा भरतो. तुमच्या कपड्यांची ऊब १२ अंश, आणि वारा अडवण्याची ताकद ५ अंश. म्हणजे कपड्यांमुळे उणे १४चे झाले उणे २. वाऱ्याच्या ९पैकी ५ अडले, ४ उरले. बेरीज उणे ६. आता तिथून दहा पावलं चालून एका मोठ्या खडकाच्या मागे उभे राहा. वाऱ्याचे ९ अंश गेले आणि आकडा थेट उणे २वर आला. काडी ओढली नाही, लाकूड जाळलं नाही, चार अंश फुकट मिळाले.

याच हिशेबात आणखी एक बारकावा आहे. कपड्यांची वारा अडवण्याची ताकद ही फक्त वाऱ्यापुरतीच कामाला येते. वारा नसेल त्या दिवशी तिचा काडीचा उपयोग नाही. उरलेली ताकद उबेत जमा होत नाही. म्हणून शांत हवेत जड लोकरी कोट भारी पडतो, तर वादळात तोच कोट निम्मा निकामी होतो आणि पातळ दिसणारं वारारोधक जॅकेट त्याच्यापुढे जातं. पेटी उघडून दोन कोटांपैकी कोणता घ्यावा असा प्रश्न पडला की नुसता उबेचा आकडा पाहून ठरवू नका. पुढचा टप्पा जंगलातून आहे की गोठलेल्या तळ्यावरून, ते आधी पाहा.

गेम बनवणाऱ्यांनी हे गणित हवेतून काढलेलं नाही. कातडीलगत शरीराच्या उष्णतेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून लावतो आणि शरीर तो पुन्हा पुन्हा तापवत बसतं. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली यासाठी एक सूत्र ठरवलं. त्यानुसार हवा उणे २० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर चेहऱ्याला जाणवतं सुमारे उणे ३३. टोरोंटो-विनिपेगला स्थायिक झालेल्या मराठी घरांत पोरांना शाळेत पाठवण्याआधी बघितला जातो तो हाच दुसरा आकडा. गेममधली थंडी अतिरंजित वाटत असेल त्यांच्यासाठी आणखी एक: कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या स्नॅग इथे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी पारा उणे ६३ अंशांवर गेला होता.

आडोशापासून आडोशापर्यंत

नवा खेळाडू प्रवासाची आखणी घर ते घर अशी करतो. जाणता खेळाडू आडोसा ते आडोसा अशी करतो. आडोसा म्हणजे घरच पाहिजे असं नाही. रस्त्यावर सोडून दिलेली मोटार, तळ्यावरची मासेमारीची झोपडी, गुहेचं तोंड, उलटून पडलेला रेल्वेचा डबा, नाहीच काही तर मोठा दगड. या प्रत्येकाने वारा तुटतो. मोटारीत तर वर थोडी ऊबही मिळते; आत बसून वेळ काढता येतो, डुलकीही काढता येते.

मिस्टरी लेक हा भाग शिकण्यासाठी उत्तम. तळ्याच्या काठी कॅम्प ऑफिस आहे, आत चूल आहे. समोर गोठलेल्या तळ्यावर झोपड्या विखुरलेल्या आहेत आणि त्यांतही छोट्या चुली आहेत. कॅम्प ऑफिसमधून बाहेर पडून पलीकडच्या काठाला जायचं असेल तर सरळ रेघ मारू नका. झोपडीवरून झोपडीवर जा. उबेचं वर्तुळ अर्ध्यावर आलं आणि पुढची झोपडी दिसत नसेल, तर मागे फिरा. अर्धं म्हणजे परतीच्या वाटेपुरतंच. पुढे जायची चैन त्यात बसत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडतं.

कोस्टल हायवेवर मोटारी रांगेने मिळतात, म्हणून तिथली थंडी पचते. प्लेझंट व्हॅलीत मात्र मधोमध मोठं शेतघर आहे आणि चहूकडे मोकळी शेतं. वादळ आलं की लपायला जागा नाही. आणि तिथे वादळं येतात फार. फोरलॉर्न मस्केग ही दलदल तर त्याहून वाईट, बंदिस्त घर असं जवळजवळ नाहीच. हे दोन भाग पहिल्या आठवड्यात टाळा. नकाशावर जवळचा रस्ता तिकडून दिसतो म्हणून मोहात पडू नका.

आडोसा नसेलच तर तो बांधता येतो. १५ काटक्या आणि कापडाचे ५ तुकडे असले की बर्फाचा छोटा निवारा उभा राहतो. तो टिकाऊ नाही, दिवसागणिक खचतो, डागडुजी करावी लागते. तरीही मस्केगसारख्या ठिकाणी मी तेवढं सामान पाठीवर असल्याशिवाय पाऊल टाकत नाही. काटक्या नाहीतरी सरपण म्हणून लागतातच.

घाई पहाटेची

झुंजूमुंजू झालं की बाहेर पडायचं ही आपली गिर्यारोहकांची सवय. सह्याद्रीत ती बरोबर आहे, कारण तिथे उन्हाशी स्पर्धा असते. ग्रेट बेअरवर पहाट ही चोवीस तासांतली सर्वांत गार वेळ. उजाडलं तरी दोन-तीन तास आत थांबा. कपडे शिवा, पाणी उकळा, पुस्तक वाचा. सूर्य वर आला की निघा आणि सगळ्यांत लांबचा, सगळ्यांत उघडा टप्पा दुपारी उरकेल अशी आखणी करा. संध्याकाळी उतरत्या उन्हात फक्त शेवटचा छोटा टप्पा राहावा.

वेळेच्या बाबतीत दुसरा सापळा जास्त फसवा आहे. फांदी तोडणं, जनावर सोलणं, कपडा शिवणं ही कामं पडद्यावर काही सेकंदांत होतात, पण गेममधला वेळ मात्र धडाधड पुढे जातो. उघड्यावर उभं राहून मोठं हरीण सोलायला घेतलं की एक वर्तुळ फिरतं, आणि ते पूर्ण होईपर्यंत आपण गोठलेले असतो. म्हणून बाहेर अशी कामं तुकड्यातुकड्याने करा. आधी थोडं मांस काढा, आकडा बघा, मग पुढचं. कातडं आणि आतडी हवीच असतील आणि वारा असेल, तर शेकोटी पेटवायला ही योग्य जागा आहे. तिथे मांसही शिजेल आणि लांडगेही अंतर राखतील.

हवा बिघडण्याआधी खुणा मिळतात. वाऱ्याचा आवाज चढतो, बर्फ आडवं पडू लागतं, समोरचा डोंगर पुसट होतो, तुमचं पात्र स्वतःशीच पुटपुटतं. गाणी लावून खेळणाऱ्यांना हे ऐकू येत नाही. या एका गेमपुरता तरी हेडफोनमध्ये फक्त गेमचाच आवाज ठेवा.

कपडे: सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत मोलाचं काम

गेममध्ये डोकं, धड, हात, पाय, पावलं अशा प्रत्येक भागाला वेगळे कपडे आहेत, आणि बहुतेक ठिकाणी एकावर एक असे थर चढवता येतात. डोक्यावर दोन टोप्या, आत दोन बनियन-स्वेटर, वर दोन कोट, दोन लांब चड्ड्या, त्यावर दोन पँटी, दोन जोड पायमोजे. पहिल्या दिवशी सापडेल ते सगळं चढवा. दिसायला बोहारणीच्या गाठोड्यासारखे दिसाल, पण तिथे बघायला कोण येतंय?

थर कसे लावायचे याला क्रम आहे. आत लोकर, बाहेर वारा आणि पाणी अडवणारं कापड. बर्फ पडतं तेव्हा बाहेरचा थर आधी भिजतो. तो नीट असेल तर आतली लोकर कोरडी राहते. लोकर कोरडी असताना ऊबदार असते, पण भिजली की जड होते. ओला कपडा फारशी ऊब देत नाही, आणि ओला कपडा बाहेरच्या गारठ्यात कडक होऊन गोठतो तेव्हा तर तो अंगावर नुसता भार. कापड ऊब देतं ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे; त्या जागी पाणी शिरलं की उष्णता सरळ बाहेर निघून जाते. गेमने हे नेमकं पकडलं आहे.

म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर पहिलं काम: कपड्यांचा पडदा उघडा, कोणता कपडा किती ओला आहे ते पाहा, ओले कपडे काढा आणि चुलीजवळ जमिनीवर ठेवा. अंगावर ठेवून वाळायची वाट पाहू नका. चुलीजवळ ठेवलेले कपडे लवकर वाळतात, आणि गोठलेले असतील तर आधी विरघळतात. जळत नाहीत, त्याची काळजी नको. पण सकाळी निघताना ते जमिनीवरून उचलायला विसरू नका. पायमोज्यांशिवाय बाहेर पडून अर्ध्या वाटेत ‘पाय एवढे का गारठले?’ म्हणणारे खेळाडू कमी नाहीत.

दुसरं काम शिवणाचं. कपडा झिजला की त्याची ऊब घटते. शंभर टक्के नीट असलेलं साधं जॅकेट हे तीस टक्क्यांवर आलेल्या महागड्या कोटापेक्षा बरं. सुईदोऱ्याचं किट सापडलं की जपून ठेवा. नसेल तर मासेमारीच्या गळ-दोरीनेही शिवता येतं. कापड मिळवायला पडदे, टॉवेल, नको असलेले कपडे फाडा. पहिल्या आठवड्यात घरातला प्रत्येक पडदा माझ्या दृष्टीने भावी ठिगळ असतो. लांडग्याशी झटापट झाली की कपडे फाटतात, त्यामुळे लांडगा टाळणं हेही शेवटी ऊब राखण्याचंच काम.

पातळ बर्फाचं वेगळं सांगायला हवं. कोस्टल हायवेच्या किनाऱ्यालगत आणि मस्केगमध्ये काही ठिकाणी बर्फ तुमचं वजन पेलत नाही. पाय टाकला की तडकण्याचा आवाज येतो आणि पडद्यावर इशारा येतो. त्या क्षणी पुढे धावू नका, आलात त्याच वाटेने मागे या. आत पडलात तर सगळे थर एकदम भिजतात, आणि जवळ आडोसा व आग नसेल तर पुढचं सांगायला नको. तिथे पाच मिनिटं वाचवणारा जवळचा मार्ग घेऊ नये.

उबेचं वर्तुळ पूर्ण रिकामं झालं म्हणजे लगेच मरण येत नाही. प्रकृती झपाट्याने उतरू लागते. भूक, तहान, थकवा या तिघांपेक्षा थंडी ती जास्त वेगाने खाते. त्यासोबत हायपोथर्मियाचा धोका टक्क्याटक्क्याने चढत जातो. घर समोर दिसत असेल तर रिकाम्या वर्तुळावरही चालत राहा, तेवढी प्रकृती झोपून भरून निघते. पण धोका शंभर टक्क्यांवर पोहोचू देऊ नका. हिमदंश, म्हणजे फ्रॉस्टबाइट, मात्र त्याहून कडक हिशेब करतो. शरीराचा एखादा भाग अपुऱ्या कपड्यांत राहिला तर तो तिथे होतो, आणि त्याने जी प्रकृती कमी होते ती त्या डावात कधीच परत मिळत नाही. म्हणून धडावर चार थर आणि हातांत काहीच नाही असली उधळपट्टी करू नका. साधे मोजे-हातमोजे का होईना, प्रत्येक भाग झाकलेला हवा.

पुढे काही आठवडे टिकलात की कातड्याचे कपडे हाती येतात. सशाच्या कातड्याचे हातमोजे, हरणाच्या कातड्याचे बूट, लांडग्याचा कोट, अस्वलाचा कोट. ओली कातडी आणि आतडी घरात जमिनीवर पसरून कमवावी लागतात, त्याला दिवसच्या दिवस लागतात. म्हणून पहिलं हरीण मारलं की कातडं तिथेच टाकून येऊ नका. आज गरज नसली तरी घरी नेऊन पसरा. सगळ्यांत आधी सशाचे हातमोजे आणि हरणाचे बूट करावेत असं माझं मत. अस्वलाचा कोट उबेला अफाट, पण वजन असं की दुसरं काही उचलायची सोय राहत नाही. अस्वलाच्या कातड्याचा बिछाना मात्र घ्यावाच. तो अंथरला की उघड्या गुहेतली रात्रही निघते.

आता शेकोटी

एवढं सगळं करून जी तूट राहते तिच्यासाठी आग. आग पेटवायला तीन गोष्टी लागतात: पेटवायचं साधन, पेटवण आणि जळण. काडेपेटी हे साधन सगळ्यांत सोपं, पण संपणारं. भिंग सापडलं तर ते सोन्यासारखं जपा. स्वच्छ उन्हात भिंगाने कितीही वेळा आग पेटवता येते, काड्या वाचतात. म्हणूनही दुपारचा प्रवास बरा. पेटवण म्हणून जुने कागद, बर्च झाडाची साल, लव्हाळ्याची बोंडं चालतात. आग पेटवण्याचं कसब तिसऱ्या पायरीवर गेलं की पेटवणाची गरजच उरत नाही. पहिली आग पेटवताना जळण म्हणून एखादं पुस्तक लावलं तर ती पेटण्याची शक्यता बरीच वाढते. काही जणांच्या जिवावर येतं, पण काडी फुकट जाण्यापेक्षा कादंबरी गेलेली परवडली.

जागा निवडताना पुन्हा वारा. फार वारा असेल तर गेम पेटवूच देत नाही. कमी असेल तर पेटू देतो, आणि नंतर वाऱ्याने दिशा बदलली की आग विझते. मोठ्या खडकाच्या कोनात किंवा गुहेत थोडं आत सरकून पेटवलेली आग टिकते. गुहेच्या अगदी तोंडाशी पेटवू नका, चार पावलं आत जा. जॅक लंडनने १९०८ साली ‘टु बिल्ड अ फायर’ ही युकॉनमधल्या एका माणसाची गोष्ट लिहिली. तो स्प्रूसच्या झाडाखाली आग पेटवतो आणि वरच्या फांद्यांवरचं बर्फ कोसळून ती विझते. ‘द लाँग डार्क’मध्ये फांदीवरून बर्फ पडत नाही, तेवढी मेहेरबानी आहे.

आग पेटली की ती एकाच कामाला वापरणं हा गुन्हा. क्रम असा ठेवा: आधी बर्फ वितळवून पाणी करायला ठेवा, शेजारी मांस, ओले कपडे जमिनीवर, आणि पाणी उकळलं की चहा. उरलेल्या वेळात शिवण. शेवटी आग मंदावण्याआधी तिच्यातून एक मशाल ओढून घ्या. मशालीने पुढची आग पेटते, म्हणजे एक काडी वाचली. वाटेत लांडगाही बिचकतो. वाऱ्यात मशाल विझू शकते, म्हणून ती हातात धरून पुढच्या आडोशापर्यंत जाता येईल एवढंच अंतर धरा.

जळणात काटक्या हीच खरी संपत्ती. त्या जमिनीवरून उचलायच्या असतात, हत्यार लागत नाही, वेळ जात नाही. चालताना दिसेल ती काटकी उचलायची सवय लावून घ्या. देवदार आणि फरची लाकडं जास्त वेळ जळतात, पण त्यासाठी फांदी तोडत उभं राहावं लागतं आणि मग आपण थंडीत उभे. कोळसा सगळ्यांत गरम, पण तो आग आधी चांगली तापल्याशिवाय टाकता येत नाही, आणि खाणींत-गुहांत मिळतो. कोस्टल हायवे आणि प्लेझंट व्हॅली जोडणाऱ्या सिंडर हिल्स खाणीतून जाताना उचलून घ्या. रात्री झोपताना आग किती वेळ जळेल तो आकडा पाहा. झोपेच्या तासांपेक्षा तो जास्त हवा. निखारे विझल्यावर उरलेला कोळशाचा तुकडाही घ्या. त्याने हवा स्वच्छ असताना आसपासचा नकाशा काढता येतो, आणि पुढच्या वेळी कुठे कुठला आडोसा आहे ते कळतं.

गरम चहा किंवा कॉफीने ऊब लगेच थोडी वाढते आणि काही काळ थंडी कमी बाधते. निघण्यापूर्वी उबेचं वर्तुळ पूर्ण भरा, वर एक कप प्या, एक-दोन कप सोबत घ्या. ते वाटेत गार होतात, तेव्हा पहिल्या टप्प्यातच संपवा. बर्चच्या सालीचा चहा यासाठी चांगला. गुलाबफळाचा आणि रेशी अळंबीचा चहा औषधाला लागतो, तो थंडीवर उधळू नका.

वादळात सापडलात तर

पुढचं काही दिसत नाही, तीन बाण खाली, वर्तुळ संपत आलेलं. अशा वेळी सगळ्यांत वाईट काम म्हणजे अंदाजाने उघड्यावर चालत सुटणं. मिस्टरी लेकला असाल तर रेल्वेचे रूळ शोधा, हायवेला असाल तर रस्ता किंवा विजेच्या खांबांची रांग; अशी एक रेघ पकडली की तिच्यावरून कुठेतरी पोहोचता येतं. रेघ नसेल तर पाच पावलांवर दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या खडकामागे थांबा. वारा कोणत्या बाजूने येतोय ते बर्फाच्या आडव्या रेषांवरून कळतं. त्याच्या विरुद्ध बाजूला पाठ टेकवा. आकडा पाहा. तो शून्याजवळ आला असेल तर वादळ ओसरेपर्यंत तिथेच थांबा. अजून बराच खाली असेल तर त्याच खडकाच्या कोनात आग, आणि बर्फाच्या निवाऱ्याचं सामान असेल तर निवारा. वादळ तासा-दोन तासांत थांबेल या भरवशावर काटक्या एकदम सगळ्या टाकू नका, थोड्या थोड्या टाका.

अंगावर ४० किलो असतील आणि गेम ३० उचलू देत असेल, तर वरचं सगळं तिथेच टाका. मांस, जास्तीचं हत्यार, जड लाकडं. नंतर परत येऊन नेता येईल. जीव वाचवायला लागतात ते म्हणजे बिछाना, पेटवायचं साधन, काटक्या आणि थोडं कापड.

या सगळ्यावर गेमने एक खोडीही करून ठेवली आहे. थंडीला घाबरून सलग फार दिवस घरातच बसलात तर ‘केबिन फीव्हर’ होतो आणि मग घरात झोपच लागत नाही. बाहेर झोपावं लागतं. त्यामुळे हवा चांगली असेल त्या दुपारी बाहेर पडा, एखादी रात्र बिछाना घेऊन गुहेत किंवा मोटारीत काढा. ती रात्र आपण ठरवून, भरलेल्या वर्तुळाने आणि पुरेशा काटक्यांनिशी काढतो, तेव्हा ती सरावाचीही होते.

अवघडपणाच्या पायऱ्यांबद्दल: पहिल्यांदा खेळत असाल तर ‘पिल्ग्रिम’पासून सुरू करा, तिथे लांडगेच तुमच्यापासून पळतात आणि लक्ष थंडीवर ठेवता येतं. ‘व्हॉयेजर’वर बहुतेकांना खरी गोडी लागते. ‘इंटरलोपर’ला दिवसागणिक हवा अधिकाधिक गार होत जाते, बंदूक मिळत नाही, तयार सुरी-कुऱ्हाडही मिळत नाही, ती भट्टीत घडवावी लागते आणि त्यासाठी आग १५० अंशांपर्यंत न्यावी लागते, म्हणजे कोळसा हवाच. त्या पायरीवर कोळसा शेकायला वापरायचा नाही. पहिल्या दिवसापासून तो भट्टीसाठी वेगळा काढून ठेवा आणि स्वतःची ऊब काटक्यांवर, आडोशावर आणि पडद्यांच्या ठिगळांवर भागवा.